माझ्या आडनावाचं फंक्शन

३ जून
बायको मुलीकडे गेली. नातू झालाय, महिनाभर तरी राहील. तुम्हीही चला म्हणत होती. म्हटलं, मला कामं आहेत. निवृत्त गणितशिक्षकाला शांततेपेक्षा आणखी काय हवं?
संकल्प: आकड्यांऐवजी अक्षरांनी गणित सोडवणाऱ्या तयार प्रोग्रामांची एक लायब्ररी आहे कॉम्प्युटरवर. कुणीही भर घालू शकतं. तिच्यात स्वतःचं फंक्शन घालायचं. नाव अर्थात माझं आडनाव.

५ जून
फंक्शनचा क्लास, म्हणजे त्याचा कोड, लिहिला. साइन क्ष भागिले क्ष. शून्यापाशी भागाकार अडतो, तिथे उत्तर एक. बाकी ठिकाणी माहीत नसेल तर फंक्शनने गप्प बसायचं, प्रश्न आहे तसा परत द्यायचा. माझं गप्पच बसेना. काहीही विचारा, उत्तर एक! बायकोला फोनवर सांगितलं. म्हणाली, तुमच्यावर गेलंय. मागे कुणीतरी हसलं. जावई असावा.

९ जून
दुरुस्त करून लायब्ररीवाल्यांना पाठवलं. मिनिटभरात उत्तर! योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार, डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे विकलनाच्या, टेस्टमध्ये तुमचं फंक्शन नापास. सही: सहायक. कुणीतरी हुशार पोरगा माझ्यासाठीच बसून आहे.

१२ जून
डेरिव्हेटिव्हचा नियम घातला. सहायकाला सोबत चार ओळी लिहिल्या. गुडघा दुखतो, एकट्यासाठी भात नेहमी जास्तच होतो, वगैरे. लगेच उत्तर: आभार, एक टेस्ट अजून नापास. हल्लीची मुलं मुद्द्याचं बोलतात. आवडलं.
बायको म्हणाली, तिकीट काढू का? नको म्हटलं. एक सहकारी माझ्यावर अवलंबून आहे.

१७ जून
सगळ्या टेस्ट पास! दोन अंड्यांचं ऑम्लेट. सहायकाला विचारलं, तू जेवलास का? आभार म्हणाला.

१८ जून
मुलीचा फोन. लायब्ररीच्या पानावर माझा नि सहायकाचा पत्रव्यवहार कुणालाही दिसतो, तिने तो सगळा वाचला. म्हणाली, बाबा, तो माणूस नाहीये. आपोआप उत्तरं पाठवणारा प्रोग्राम आहे, सगळ्यांना तेच लिहितो.
म्हटलं, मला ठाऊक होतं, मी त्याची परीक्षा घेत होतो.
म्हणाली, गुडघ्याचं आम्हाला का नाही सांगितलंत?
म्हटलं, बाळ रडतंय बघ.
रडत नव्हतं.

२१ जून
लायब्ररी सांभाळणाऱ्या खऱ्या माणसाचं उत्तर आलं. एकच ओळ: हे फंक्शन लायब्ररीत दुसऱ्या नावाने आधीपासून आहे, तुमचा प्रस्ताव बंद करतो. आभार नाहीत. पण माणूस तरी! सविस्तर उत्तर लिहिलं. पाठवायला गेलो तर चर्चा बंद.

२२ जून
सहज म्हणून बायकोला विचारलं, तिकिटाचं काय? म्हणाली, अहो, आता जावयाच्या आई आल्यात, जागा नाही. पुढच्या महिन्यात बघू. म्हटलं, उत्तम, माझ्यामागेही कामं आहेतच.
मग म्हटलं, फोन जरा मुलीकडे दे, बाळाच्या कानाला लावू दे. त्याला शून्याने भागायचं सगळं समजावून सांगितलं. गुडघ्याचंही. मध्ये एकदाही अडवलं नाही त्याने. असा विद्यार्थी उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.
शेवटी मुलगी हळूच म्हणाली, बाबा, तो मघाशीच झोपलाय. तुम्ही बोला.