शिकारीचं कुणाला सांगायचं नसतं

सोमवार, ४ ऑगस्ट
रविवारी सासरे येणार. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी मारलेलं हरीण त्यांच्या ताटात अजून पडलेलं नाही. मागच्या वेळी म्हणाले, "जावईबापू, तुमचा भाला भिंतीवर छान दिसतो." फार लागलं. ठरलं! जंगलात एकटा जाणार. पायी, वाटाड्याशिवाय. प्लॅन एकदम सीक्रेट. निघताना शिकारीचं नाव कुणी काढलं की शिकार बिघडते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मंगळवार, पहाटे ५
निघालोच होतो. ओडेट चुलीपाशी. म्हणाली, "शिकारीला चाललात? केळी किती दिवसांची बांधू?"
काढलंच नाव! बायको मुद्दाम विचारते, दुसरं काय. परत झोपलो.

बुधवार
ओडेट उठायच्या आत सटकलो. फाट्यावर मोंगोंगा उभा. वडिलांचा जुना वाटाड्या. म्हणे, "दादा, भाला उलटा धरलाय. येऊ का सोबत?"
मांसात वाटा हवा असणार. शिवाय भाल्याचं नाव म्हणजे शिकारीचंच नाव. नियम म्हणजे नियम. घरी.

गुरुवार
कुणी काही बोललं नाही. पण शेजारीण हसली. न कळायला मी काय खुळा आहे? रद्द.

शुक्रवार
भाल्याला तेल. ओडेट आणि मोंगोंगा कुजबुजत होते, मला बघून गप्प. कट आहे.

शनिवार, सकाळ
अख्खं गाव चिडीचूप. ओडेटनं केळी दारात ठेवली नि पाठ फिरवली. मोंगोंगा आभाळ बघत गेला. शेजारणीनं तोंडावर हात धरला. फार संशयास्पद! पण आता सबबच उरली नाही. जावं लागलं.

शनिवार, दुपार
जंगलात दोनशे पावलं. इथून रस्ता दिसतो, ते बरं. हरणी धावत यावी म्हणून नाक चिमटीत धरून पाडसासारखा ओरडलो. दोनदा. झाडीत सळसळ. काहीतरी मोठं. भाला हातातून पडला. घाबरलो, इथे खोटं कशाला लिहू?
झाडीतून सासरे आले. एक दिवस आधीच. खांद्यावर हरीण. म्हणाले, "तुम्ही होय! मला वाटलं, कुणाची शेळी अडकली."

रविवार
ओडेटनं बापाला निरोप धाडला होता: येताना मांस आणा, नि जंगलातून या, हे तिथं कुठंतरी असतील. कधी धाडला? सोमवारी!
जेवताना सासऱ्यांनी काळीज, म्हणजे शिकाऱ्याचा मानाचा वाटा, माझ्या ताटात वाढलं. "खा, जावईबापू, दमला असाल."
कुणीही हसलं नाही. तेच सहन होईना.
मांस मात्र दोनदा घेतलं.