दंडावरचा काटा

२ मार्च, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. चोवीसला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार. अट एकच, तोवर साखर दोनशेच्या आत दिसली पाहिजे. नाहीतर जखम चिघळते, डोळा हातचा जातो, म्हणाल्या. मी म्हणालो, झालंच समजा! उभा जन्म लोकांचे वजनकाटे शून्यावर आणण्यात गेला. स्वतःची साखर दोनशेवर आणायला कितीसं लागतं?
लेकीनं दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवून दिला. कोटाच्या बटणाएवढा, आत केसासारखी सुई. आकडा मोबाइलवर येतो. तिच्याही मोबाइलवर येतो, हे मला ती गेल्यावर कळलं.

३ मार्च, मंगळवार. सकाळी
१६२. उत्तम यंत्र.
संकल्प: साखर बंद. बिस्किटं बंद. जेवणानंतर चालणं. डोळा झाला की सगळ्यात आधी सोनाराचा काटा हातात घ्यायचा. बिचारा कधीचा दुकानात पडून आहे. त्याच्या पट्टीवरच्या रेघा हल्ली मला मुंग्यांसारख्या चालताना दिसतात.

५ मार्च, गुरुवार. दुपारी
जेवणानंतर चालायला निघणार, तेवढ्यात जरा आडवा झालो. डुलकी लागली. मोबाइल बोंबलला. साखर ४९! हातपाय गार पडले. पडले असावेत. बायकोनं धावत येऊन साखरपाणी पाजलं. वर क्रीमची चार बिस्किटं मी आपणहून घेतली. औषध म्हणून. याला संकल्प मोडणं म्हणत नाहीत.
लेकीचा घाबरून फोन. बोटाच्या मशीनवर ताडून पाहिलं का, बाबा? म्हणालो, जीव चाललेला असताना बोटं कोण टोचत बसतं?

६ मार्च, शुक्रवार
पुन्हा आडवा, पुन्हा मोबाइलची बोंब, ५२. पुन्हा बिस्किटं. यंत्र माझ्या जिवाला जपतं आहे.
संध्याकाळी २६८. इथे मात्र यंत्र साफ बिघडलं.
बायको म्हणाली, तुमचा काटा भलताच शहाणा, बरोबर बिस्किटाच्या वेळेला खाली येतो. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं?

८ मार्च, रविवार
कंपनीला फोन. बराच वेळ बाजा वाजला, मग एक मुलगी आली. गोड आवाज. काका, सेन्सर आहे त्याच कुशीवर झोपता का? सेन्सर दाबला गेला की आकडा उगाच खाली जातो. म्हणालो, पोरी, खाली जातो ते जाऊ दे, वर जातो त्याचं बोल. त्यावर म्हणाली, बोटाचा आकडा सांगा. तो नव्हता. तरीही तिनं बदली सेन्सर मंजूर केला. जुना उघडायचा नाही, तसाच डबीत घालून परत पाठवायचा. शिकलेली, पण मनाची चांगली पोर. आईवडिलांची चौकशी केली.

११ मार्च, बुधवार
दुसरा सेन्सर दुसऱ्या दंडावर. सकाळभर मोबाइल म्हणत होता, सिग्नल नाही. खिडकीशी उभा राहिलो, गच्चीवर गेलो, दंड वर करून दाखवला. खालच्या शिंप्याला वाटलं मी त्याला हात करतोय. त्यानंही केला. शेवटी बायकोला सेन्सर टॉवेलला चिकटलेला सापडला. अंघोळीनंतर अंग जोरात पुसलं होतं.
कंपनीची मुलगी हसली. तिसरा पाठवते म्हणाली.

१४ मार्च, शनिवार
तिसरा. लावल्यापासून २८१, २९४, २८८. झोपलो नाही, पुसलं नाही, बोट लावलं नाही. म्हणजे यंत्रातच खोट.
बायको बोटाचं मशीन घेऊन पाठीमागे. तिला समजावलं: एक काटा तपासायला दुसरा काटा चालत नाही. त्यालाही खोट असली तर? माहीत असलेलं वजन ठेवायचं आणि काटा काय सांगतो ते पाहायचं, ही आमच्या धंद्याची रीत. तेव्हा साखरेचं माहीत असलेलं वजन माझ्यावर ठेवायचं ठरवलं. पन्नास ग्रॅम केक. दुकानातल्या काट्यावर तोलला. आकडा मला वाचता येईना, बायकोनं वाचला. पन्नास नाही, ऐंशी आहे. तोवर तुकडा तोंडात गेला होता. तपासणी अर्ध्यावर सोडू नये.
तासाभरानं ३३६. खोट सिद्ध झाली.
बायको म्हणाली, ही यंत्राची खोट नव्हे, जिभेची आहे. आणि आत निघून गेली.
नवा नियम: ह्यापुढे प्रत्येक आकड्यातून शंभर वजा.

१५ मार्च, रविवार
२९०. म्हणजे १९०. दोनशेच्या आत!
लेकीला फोन करून वजाबाकी समजावली.  ती म्हणाली, बाबा, डोळा तुमचा आहे. तेवढ्यात फोन बंद झाला. त्या भागात फोन नीट लागत नाही.

१७ मार्च, मंगळवार
वजाबाकी करूनही २१५ येऊ लागल्यावर हात टेकले नाहीत. हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. सेन्सर दंडावरून काढून बाकावर उघडला. एखादी स्प्रिंग, एखादा स्क्रू, काहीतरी फिरवायला असणारच. काही नाही. एक चकती, एक पातळ पत्रा. दुरुस्तीला जागाच न ठेवता वस्तू बनवणाऱ्यांची कमाल आहे. पत्रा हातातून निसटला. बाकावर आहे की खाली, दिसेना. गुडघ्यावर बसून जमीन चाचपली. बायकोला बोलावलं नाही.
कंपनीला फोन लावला. त्या मुलीनं विचारलं, काका, उघडलात का हो? नाही म्हणता आलं असतं. पण तिला खोटं सांगवेना. मग नाही बदलून मिळणार, काका, म्हणाली. तीच माझ्यापेक्षा खट्टू झाली. तिची समजूत काढली.

१९ मार्च, गुरुवार
सेन्सर नाही, आकडा नाही. प्रकृती एकदम छान. नुसती तहान फार लागते. पाणी पिणं चांगलंच.
सोनार येऊन काटा घेऊन गेला. म्हणाला, तुमचा डोळा झाला की पुन्हा आणतो, काका, घाई कुठे आहे? मग रस्त्यापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरताना दिसला. निदान तसं दिसलं. माझ्या डोळ्याला हल्ली कोणीही कुठेही शिरताना दिसतं.

२१ मार्च, शनिवार
लेक आली. स्वतः विकत घेतलेला सेन्सर स्वतः लावला. बिस्किटांचा डबा पिशवीत घातला.  बायकोनं माझं बोट धरून टोचलं. लग्नानंतर इतका घट्ट हात तिनं पहिल्यांदाच धरला.
बोट २९७. सेन्सर ३०१.
योगायोग.

२४ मार्च, मंगळवार
डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या मोबाइलवर सगळ्या दिवसांची रेघ पाहिली. मी शंभर वजा करायचं सुचवलं. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, पहिल्या सेन्सरचे खालचे आकडे खोटे होते, वरचे सगळे खरे. तुम्ही नेमकं उलट धरलंत. या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही. दुसऱ्या डोळ्यातही सुरू झालंय.
पुढची तारीख मागितली. तारीख आता तुम्हीच आणायची, म्हणाल्या.
येताना रिक्षात लेकीनं माझा हात धरला होता. पायरी आली, बाबा, असं तिनं दोनदा सांगितलं. पायरी मला दिसत होती. पहिली.

२६ मार्च, गुरुवार
सकाळी बोट ३०८, सेन्सर ३०८. दुपारी दुसऱ्या कुशीवर झोपलो. काही वाजलं नाही. संध्याकाळी पुन्हा दोन्ही जुळले.
कंपनीला फोन लावला. तीच मुलगी. आवाज ओळखला तिनं. काका, आता काय बिघडलं? म्हणालो, काही नाही, हा सेन्सर अगदी बरोबर आहे. म्हणाली, मग तक्रार काय लिहू?
 तिच्या आईवडिलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.