गाडीचा क्रॉस आणि सिंधूचं माहेर

मुदखेड,
७ एप्रिल १९८३

चि. भीमा यास,

अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि. इथे सर्व ठीक, म्हणजे दुष्काळात असावं तेवढं. दुपारी डोळा लागला की वाटतं, रुळापलीकडच्या माळावर पाणी हलून राहिलं. उठून बघावं तर नुसती झळ.

तिथे लातुरात सासरी असलेल्या आपल्या सिंधूला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं. तिचे आईबाप गेले, आता माहेर म्हणजे मी आणि तुझी वहिनी. नातीला एस.टी.च्या गर्दीत आणायला मन धजत नाही. कापसाच्या जिनिंगच्या मालकाने गाव सोडून जाताना मला देऊन टाकलेली जुनी अँबेसेडर घेऊन लातूरला यावं म्हणतो.

पण गाडी आवाज करून राहिली. जागेवरून उचलली की टक्, मागे घेतली की पुन्हा टक्. वेगात गेलं की बुडाखाली कोणी जातं फिरवावं तशी थरथर. बैलगाडीच्या दिवसांपासून मला एकच औषध ठाऊक. पेंढ्याची राख एरंडेलात कालवली आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या सांध्यात बोटाने भरली. थोडे दिवस गप्प होती, आता पुन्हा बोलते. परवा दुपारी स्वप्न पडलं. तो दांडा गाडीतून निसटून एकटाच गोदावरीच्या कोरड्या वाळूतून चालला होता, आणि मी गाडीत बसून त्याला हाका मारत होतो.

तू एवढी वर्षं सरकारी जीप चालवतोस. काय ते लवकर लिही. माया आहे तशीच असू दे.

तुझा
केरबादादा

लातूर,
१३ एप्रिल १९८३

ती. दादांस,

सविनय जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. मी खुशाल आहे. जिल्हा नवा झाला, उस्मानाबादहून आम्हाला इथे आणलं, पण कचेरीत खुर्च्या अजून येऊनच राहिल्या. साहेब टँकर तपासत गावोगाव फिरतात आणि मी त्यांना फिरवतो.

दादा, राखेचं वंगण लाकडी चाकाला. त्या सांध्यात अधिकच्या खुणेसारखा लोखंडी क्रॉस असतो, त्याच्या टोपणांत सुयांएवढ्या बारीक सळ्या फिरतात. राख त्यांना कानशीसारखी खाते. उद्या इंजिनापुढे कडबा टाकाल. गाडी सपाटीवर लावा, चाकांना दोन्हीकडून दगड द्या, गिअर काढा आणि खाली जाऊन दांडा हाताने पिळून बघा. सांध्याची एक बाजू आधी हलली आणि दुसरी मागून, तर क्रॉस गेला समजा. टोपणाशी तांबडी भुकटी दिसेल. दांड्याच्या पुढच्या टोकाचा क्रॉस धावताना तुटला तर दांडा रस्त्यात रुततो आणि गाडी उलटू शकते. क्रॉस बदलेपर्यंत गाडी हलवू नका.

सिंधूकडे जाऊन आलो. तिच्या सासूबाई, पार्वतीबाई, म्हणाल्या की मुदखेडला प्यायला पाणी नाही आणि गाडी म्हणजे खुळखुळा. भीमाकाका हमी देत असतील तर सून पाठवते, नाहीतर बाळंतपण लातुरातच. सिंधू भाकरी मोडत बसली. मी निघालो तशी दारापर्यंत आली आणि तुमच्याबद्दल हळूच विचारलं की आबा अजून लिंबाखाली बाज टाकतात का. मी हमी देईन, पण सांधा डोळ्यांनी बघितल्यावरच. नवा क्रॉस नांदेडच्या एस.टी. ड्रायव्हरजवळ देऊन ठेवतो. वहिनींना जयभीम. राग न धरता आशीर्वाद असावा.

आपला
भीमा

मुदखेड,
२२ एप्रिल १९८३

चि. भीमा यास,

आशीर्वाद. वि. वि. तू लिहिलंस तसंच निघालं. दांडा पिळला तर एक बाजू हलली आणि दुसरी विचार करून मग हलली. स्टेशनाजवळचा दगडोबा मिस्त्री बोलावला. त्याने दांडा काढण्याआधी दोन्हीकडे खडूची रेघ ओढली. मी कारण विचारलं तर म्हणाला की बसला होता तसाच परत बसला नाही तर नवा क्रॉसही थरथरेल, आणि आता काका तुम्ही लिंबाखाली जाऊन बसा.

टोपणं ठोकून काढली तेव्हा आतून सळ्यांऐवजी काळा-तांबडा भुगा पडला. हे घेऊन मी नातीला आणणार होतो. तुझ्या वहिनीने राखेचा डबा तिथल्या तिथे उकिरड्यावर ओतला आणि वर म्हणाली की आता लेकराला बाळगुटी तरी दुसऱ्याला विचारून द्या. नवा क्रॉस बसला, ग्रीसही दगडोबानेच भरलं. तरी मला भरवसा येत नाही. रिकामी गाडी घेऊन रविवारी येतो, तू बघ. तू नाही म्हणालास तर सिंधूला न भेटता परत फिरेन, तिचं तोंड बघून मग मागे वळणं मला जमायचं नाही. आठवण असू दे.

तुझा
केरबादादा

मुदखेड,
२६ एप्रिल १९८३

चि. भीमा यास,

आशीर्वाद. वि. वि. सुखरूप पोचलो. तू गाडीखालून निघून पार्वतीबाईंकडे बघून मान डोलावलीस, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्या माउलीने पाण्याचा हंडा मागच्या सीटच्या पायाशी ठेवून दिला, तुला कळलं का?

अहमदपूरपर्यंत सिंधू बोलत होती. मग डोकं टेकून झोपली. गाडी अशी चालली की आपण रस्त्यावर आहोत की रस्ता आपल्याखालून वाहून राहिला, समजेना. गोदावरीच्या पुलावर तिला उठवून नदी दाखवावी वाटलं, पण खाली वाळूच होती. झोपेत तिला कोणती नदी दिसत असेल कोण जाणे. राहू दिलं.

दिवस कलताना घरी आलो. तुझी वहिनी पोरीच्या पायावर पाणी घालायला दारात तांब्या घेऊन उभी होती. पोरीची झोप इतकी गाढ की इंजिन बंद केलं तर जागी होईल असं वाटलं. मी तुझ्या वहिनीला हाताने थांब म्हटलं आणि गाडी पुढे काढली. स्टेशनाला वळसा घातला, परत आलो, ती झोपलेलीच. म्हणून आणखी एक वळसा घातला. वहिनीने शेवटी तांब्या ओट्यावर ठेवला आणि ती खाली बसून आमची वाट बघत राहिली.

आता उतरली आहे, जेवली आहे. सवड काढून ये, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा
केरबादादा