बाटलीत न घातलेलं ऑइल

बाबा, आज पेणच्या कॉलेजात मी पुन्हा टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकची तुलना शिकवली. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला जोर मिळतो, पण थोडं ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं, म्हणून मायलेज कमी. हे पहिल्यांदा तुम्हीच दाखवलंत, रोह्याच्या आपल्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यात पेला वरखाली करून. आई म्हणाली होती, डबा गॅरेजमध्येच न्या आणि चहाही तिकडेच प्या.

मी सहावीत होते. काकांनी नवी फोर-स्ट्रोक मोटारसायकल घेतली आणि तुमच्या स्कूटरला ते येताजाता धुरांडं म्हणू लागले. तुम्ही म्हणालात, मोजूनच बघू. दोन्ही गाड्यांना अर्ध्या लिटरची बाटली नळीने जोडायची आणि पेणच्या रस्त्याला लागायचं, तेवढ्यात कोण जास्त लांब जातं ते बघायला. बाटल्या भरायचं काम माझ्याकडे. स्कूटरच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, हे तुम्ही शिकवलेलं मला पाठ होतं. पण काकांच्या बाटलीत नुसतं पेट्रोल. मग तुमच्या बाटलीत ऑइल घातलं तर माप सारखं कसं राहील? मला ती लबाडी वाटली. दोन्हींत नुसतं पेट्रोल भरलं. "बरोबर भरलंस ना गो?" तुम्ही विचारलंत. मी व्हय म्हटलं.

निडी गावाच्या अलीकडे स्कूटर जाम झाली. ढकलत आणून तुम्ही इंजिन खोललंत. पिस्टनवर उभे ओरखडे, सगळं कोरडं. काका शेजारीच उभे होते. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि त्यांना म्हणालात, "ऑइल घालायला मीच इसरलो."

काकांनी ती गोष्ट अख्ख्या बाजारात सांगितली. पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाईक गाडी देताना विचारायचं, मिस्त्री, ऑइल घालाल ना आठवणीने? तुम्ही हसायचात. मी गॅरेजच्या मागच्या बाकड्यावर अभ्यास करत सगळं ऐकायचे, खाली मान घालून. आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत राहिले, आणि तुम्ही गेलात. मी विसरले नव्हते, बाबा. तुम्हाला मात्र बहुतेक शेवटपर्यंत मी विसरले असंच वाटलं असणार.

हे पत्र प्रॅक्टिकलच्या वहीतच राहील. दरवर्षी हा धडा आला की मी ती गोष्ट वर्गात सांगते: एक मेकॅनिक स्वतःच्याच स्कूटरमध्ये ऑइल घालायला विसरला. मुलं हसतात. आज मात्र पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, मेकॅनिक असून विसरला?"

मी हो म्हटलं.