त्या दिवशीचा गूळ

अण्णा, तुमच्या हाताखाली वकिली शिकलो, तुमच्याच खुर्चीत बसून म्हातारा झालो, तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. आज कपाट आवरताना तुमचा काळा गाऊन हाताला लागला आणि साताऱ्याच्या सेशन कोर्टातली ती दुपार अशी उसळून वर आली, की म्हटलं आता लिहूनच टाकावं. ती उलटतपासणी आठवली की अजूनही माझ्या अंगात वारं शिरतं.

दुसरी मोठी लढाई संपली होती, इंग्रज अजून जायचा होता. आष्ट्याजवळच्या एका मळ्यात, बांधाच्या भांडणात, भरदिवसा चुलतभावाला कुऱ्हाडीनं मारल्याचा आरोप आपल्या अशिलावर होता. पाहणारा साक्षीदार एकच, शेजारच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या, म्हणजे काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस आटवून गूळ करणारा. त्याची साक्ष टिकली असती तर आपला माणूस फासावर गेला असता. अशिलाची आई रोज कोर्टाच्या पायरीवर बसायची आणि आपण दिसलो की उठून म्हणायची, "आवं वकीलसाहेब, माजं एकच हाय." तुमचा नेम होता, जागा पायाखाली घातल्याशिवाय कोर्टात तोंड उघडायचं नाही. तुमचे गुडघे तेव्हा दुखत होते, म्हणून आष्ट्याला मला धाडलंत. परत आल्यावर मी नकाशा काढून दिला, बांध किती पावलांवर, मधे झाड कुठं, सगळं. तुम्ही वाईचे, गूळ पोळीशी खाल्लेला, होताना कधी पाहिलेला नाही. मी वडिलांच्या गुऱ्हाळावर वाढलेला. म्हणून ऐन वेळी तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवलेत आणि हळूच म्हणालात, "हा तुझ्या घरचा साक्षीदार. घे." माझा पहिला खुनाचा खटला, आणि त्यातला सगळ्यात मोठा साक्षीदार माझ्या पदरात.

मी उभा राहतो. पिंजऱ्यात गुळव्या, डोईला धुतलेला पटका, मान ताठ. मागं त्याच्या गावची, शेजारच्या चार गावांची माणसं दाटीनं बसलीत. जज्जांना मत द्यायला बसलेल्या असेसरांत दोघे ऊसवाले शेतकरी. गुळव्यानं सांगून झालंय, की काहिलीत पाक येत होता तेव्हा आरडाओरडा ऐकला, मान वळवली आणि पहिल्या घावापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं. मी विचारतो, किती वर्षं गूळ करता? "पोरपणापासनं. सांगलीच्या पेठंत माज्या हातचा गूळ वळखत्यात." पाक यायला लागला की नजर कुठं असते? "काहिलीतच. दुसरीकडं बघून चालतंय व्हय?" बघितलं तर? "करपतोय की." मग मी जरा थांबतो. खरं सांगू, मजा येतेय, लय मजा येतेय. "मग त्या दिवशीचा गूळ कसा झाला होता हो?"

तो मागं बसलेल्या लोकांकडं एकदा बघतो. त्यांच्यातलेच पुढच्या हंगामात त्याला गूळ करायला बोलावणार असतात. मग छाती काढून म्हणतो, "एक नंबर. सोन्यावानी. माज्या हातचं आधण आजवर बिघडलं न्हाई साहेब."

ऊसवाल्या असेसरांपैकी एकजण खुदकन हसला. जज्जांना काही कळेना, तेव्हा मी समजावून सांगितलं, की गूळ सोन्यासारखा झाला तर नजर काहिलीतच होती, आणि नजर काहिलीत होती तर खून दिसला नाही. सरकारी वकिलाला गुऱ्हाळातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं, त्यानं पुढं एक प्रश्न विचारला नाही. चारही असेसरांनी निर्दोष म्हटलं, जज्जांनी सोडलं. आईनं तुमचे पाय धरले, मग माझे. मेलेल्याची बायको व्हरांड्यात उभी होती. तिच्याकडं मी बघितलं नाही.

बाररूममध्ये मी हवेत होतो, आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत झाडलंत. "उत्तर ठाऊक नसताना असला प्रश्न विचारतात? तो बिघडला म्हणाला असता तर? माणसाच्या मानेवर जुगार खेळलास तू." मी म्हणालो, "गुळव्या आहे अण्णा, तो तसं म्हणणारच नाही." तुम्ही अंगातला तो काळा गाऊन काढून माझ्या खांद्यावर टाकलात.

अशील पुढं दर दिवाळीला तुमच्याकडं गुळाची ढेप पाठवायचा. काकू स्वैपाकघरात मला पाटावर बसवून गूळ-तूप-पोळी वाढायच्या आणि मी गूळ ताटाच्या कडेला सारायचो. गुऱ्हाळवाल्याच्या पोराला गूळ चालत नाही, म्हणून तुम्ही किती चिडवलंत. मी हसून म्हणायचो, लहानपणी खाऊन खाऊन वीट आला.

अण्णा, उत्तर मला ठाऊक होतं. नकाशा काढायला गेलो त्या दिवशी गुऱ्हाळाच्या मालकाची म्हातारी आई तिथं होती. कोपऱ्यात काळ्या ढेपा पडलेल्या. मी एक खडा मोडून घेतला तशी ती म्हणाली, "खाऊ नगा वं, त्यो खून झाला त्या दिसाचा हाय. गुळव्याचं ध्यान उडालं. बैलांस्नी ठेवलाय." मी तरी तोंडात टाकला. करपून कडू झाला होता. तुम्हाला मी झाड सांगितलं, पावलं सांगितली, हे सांगितलं नाही. गुळव्यानं खून पाहिलाच होता. त्या दिवशी कोर्टात तो खोटं बोलला ते फक्त गुळाबद्दल, आणि तो तसं बोलेल हे हेरूनच मी विचारलं.

गाऊन परत घडी करून ठेवलाय. हा कागद त्याच्याच खिशात घालतो. आणि गूळ मला आवडतो, अण्णा. पहिल्यापासून आवडतो.