ईशाने बाजू बदलली

७ नोव्हेंबर, शुक्रवार
इथे आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वादविवादाच्या चिठ्ठ्या काढल्या. विषय : शीतयुद्धात खरं यश कोणाचं, रशियाच्या गटाचं की अमेरिकेच्या? आमच्या ईशाला रशिया. समोर बँकवाल्या कुलकर्णींचा मुलगा. गेल्या वर्षी ईशाचं मराठी ऐकून पहिली रांग हसली होती. तेव्हापासून घरात मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. यंदा स्वतःच म्हणाली, नाव द्या. तेरा वर्षांच्या पोरीला खुमखुमी, मला धडकी. पुन्हा हसले तर कायमची गप्प होईल.

१२ नोव्हेंबर
मीना सलमान बंदरावरच्या गोदामातून आलो की तालीम. रशिया मला तोंडपाठ. आमचे वडील, अण्णा, लाल बावट्याचे, घरात गागारिनचा फोटो देवांच्या शेजारी. स्पुटनिक, भिलाईचा कारखाना, फुकट शाळा, फुकट दवाखाने, सगळं घोटून घेतलं. सुमन म्हणे, भाषण तिचं की तुमचं? बायकोला काय कळतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
जिंकली. पहिलं बक्षीस. माझी ईशा!

आधी काल संध्याकाळचा माझा गाढवपणा. मंडळाचा मेसेज मी अर्धाच वाचला होता. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या, हा नियम खाली होता. म्हणजे आता तिला अमेरिका, आणि मी एक ओळ शिकवलेली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुमन माझ्याकडे बघेना.

ईशा माईकपाशी गेली. मग कागद न घेता बोलायला लागली. रशियाने बर्लिनचे रस्ते बंद केले, तेव्हा शहराला कोळसा आणि आटा विमानातून गेला. पीठ नाही, आटाच म्हणाली. कोणी हसलं नाही.

"माझे बाबा स्टोअरकीपर आहेत. एक ट्रक खाली करायला किती माणसं लागतात मला माहीत आहे. त्यांनी रोज पूर्ण शहराचं सामान उतरवलं. आणि कोणासाठी? ज्यांच्यावर आधी बाँब टाकले, त्यांच्यासाठी. दुसऱ्या बाजूने काय केलं? आपलीच माणसं पळू नयेत म्हणून भिंत बांधली."

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. इंजिनियर, बँकवाले, सगळ्यांसमोर माझं काम तिने असं अभिमानाने सांगितलं. मी रडलो. लाज वाटली नाही.

२४ नोव्हेंबर
दिवसभर फोन. कुलकर्णी स्वतः गोदामाच्या गेटवर येऊन हात मिळवून गेले. पुढची फेरी दोहाला, रजेचा अर्ज टाकला, इंशाल्ला मिळेल. छाती काढून फिरतोय.

चहाला ईशा जवळ येऊन बसली. मराठीतच बोलली. "बाबा, मी रशियाचं बोलले तेव्हा ते खरं वाटलं. अमेरिकेचं बोलले तेव्हा ते पण. मग तुम्ही कोणाच्या बाजूने?"

सांगतो म्हटलं. चहा संपला. ती अजून समोरच बसली आहे, आणि मी हे लिहितोय.