आईच्या घरावरचं माझं नाव

व्हर्ना,

अगं, मला न विचारता आईच्या घरावर माझं नाव घालायला तुला सांगितलं होतं कुणी? तुझा गुडघा कसा आहे, तुझ्या डेलचा खोकला थांबला का, ते मागाहून विचारते. आधी हे ऐक.

उभा जन्म भाड्याच्या ट्रेलरात, त्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात काढला आणि एकावन्नाव्या वर्षी दोन खोल्यांचं घर घेतलं. छप्पर गळतंय. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला राज्याच्या आयकरात सूट मिळते असं कळलं. ती मिळाली तर छप्पर होईल, म्हणून वाचनालयात गेले. तिथे टॅकेट मास्तर दर शनिवारी लोकांचे कराचे अर्ज फुकट भरून देतात. (माझी शाळा सातवीपर्यंत, अर्ज बघूनच घाम फुटला.) मास्तर म्हणाले, "लोरीनबाई, सरकारी नोंदीत तुमच्या नावावर आधीच एक घर दिसतंय." मी म्हटलं, "मास्तर, चष्मा पुसा." बिचाऱ्यांनी पुसला. तरी घर होतंच. मग मी टेबलावर थाप मारली, तर वाचनालयाच्या बाईनं मला बाहेर काढलं. मास्तर मागोमाग बाहेर आले आणि पायरीवर बसून त्यांनी शांतपणे समजावलं. देवमाणूस! पैसे घेईनात म्हणून सफरचंदाचा केक दिला, तोही घेईनात, तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर. घेतला.

आई गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात माझं नाव घालून मला वाटा दिलास ना? आईनं मला काही ठेवलं नव्हतं. (मी त्या रेबरोबर पळाले म्हणून. तिचं बरोबरच होतं, पळून जाण्यासारखा माणूस नव्हताच तो.) अठरा वर्षं ब्र काढला नाहीस. दर नाताळला तुझ्याकडे जेवताना मी टोचत होते, "तुझं बरंय, तुला आयतं घर मिळालं," आणि तू मला हॅमचा आणखी एक तुकडा वाढत होतीस. असं कुणी करतं का गं? तुझे उपकार कसे फेडू, आणि तुला दोन थपडाही कशा मारू, तेच कळत नाही.

तुझी बहीण,
लोरीन

ता. क. : सोबतचा कागद मास्तरांनी लिहिलाय. नाव मला न कळवता घातलं होतं आणि मी हक्क सोडते, असं त्यात आहे. मी सही केली. तू नोटरीसमोर कर. त्याशिवाय सूट नाही.

ता. क. २ : नाव काढण्याआधी जुन्या कागदाची नक्कल काढून ठेव, तुझ्याशेजारी माझं नाव असलेली. मला ती भिंतीवर लावायचीय. आता खिळा ठोकायला घरमालकाला विचारावं लागत नाही. दोन्ही कागद शुक्रवारपर्यंत पोचले पाहिजेत. येतायत की नाही, तेवढं बुधवारी फोन करून सांग.